एकवीस निर्दोष

साहेबांच्या ऑफिसात अशिलाला बसायला खुर्ची नव्हती, पण उभं राहायला खोकं होतं. आंब्याचं, लाकडी, उलटं घातलेलं. शहापूरच्या कोर्टामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या खोलीत जो शिरेल त्यानं आधी खोक्यावर चढायचं आणि मग तोंड उघडायचं. साहेब स्वतः मॅजिस्ट्रेट व्हायचे, स्वतःच सरकारी वकील व्हायचे आणि फॉरेस्ट गार्डाचा पार्ट आला की कोपऱ्यातली छत्री बंदुकीसारखी खांद्यावर टाकून खोलीभर फिरायचे. मला हसू आलं की ओरडायचे, "हसतेस काय गो बाय? ह्या माणसाला उद्या आत टाकतील, तवा पण हास."

मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून अकरा वर्षं काढली. खर्डीहून यायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मलाही खोक्यावर चढवलं आणि नाव विचारलं. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. साहेब म्हणाले, "संपलीस. एक विचारलं तर तीन सांगितलंस. तुला कुणीपण अडकवील." मी मुळात तापट. तोंडावर आलेलं, "मग तुमचं तुम्हीच बघा," हे वाक्य गिळायला मला बराच त्रास झाला. त्या खोक्याचा मला तेव्हापासून राग होता, हे आधीच सांगून टाकते.

कोटाच्या उजव्या खिशात त्यांच्याकडे भाजलेले चिंचोके असायचे. समोरचा वकील बोलायला उठला की हे एक चिंचोका दाढेखाली घ्यायचे. मुद्दा कच्चा असला की कट्ट असा आवाज यायचा. एका न्यायाधीशांनी चिडून खिसा रिकामा करायला लावला, तेव्हा साहेबांनी ते सगळे चिंचोके टेबलावर ओळीनं मांडले आणि म्हणाले, "माझा पुरावा क्रमांक एक ते अठरा." त्या दिवशी केस हरले, पण बाररूममध्ये महिनाभर तोच विषय होता.

त्यांचं खरं नाव मात्र झालं ते तीन वाक्यांवर. ही गोष्ट मी यायच्या कितीतरी आधीची. तानसाच्या जंगलाकडेला उंबरवाडी म्हणून वस्ती आहे. ते नवे वकील असताना तिथल्या बावीस माणसांवर फॉरेस्टच्या केसेस झाल्या होत्या. गुन्हा काय, तर राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडल्या आणि वनजमिनीत भात लावला. राब म्हणजे भाताचं रोप करायची जागा. उन्हाळ्यात तिच्यावर पानांसकट तोडलेला टहाळ, पाला, शेण पसरून ती भाजायची, मग रोप जोमानं येतं. आमच्याकडे राब भाजल्याशिवाय भात होत नाही, आणि वाडीतल्या माणसाला टहाळ आणायला जंगलाशिवाय दुसरी जागा नाही. साहेबांनी सगळ्या वाडीला खोक्यावर चढवून घोकून घेतलं. "जागा माझी नाय. कोयता माझा नाय. मी त्या दिशी तिथं नव्हतो." चौथं वाक्य बोललास तर मेलास, ही वर ताकीद.

बावीसपैकी एकवीस निर्दोष सुटले. बाविसावा सोमा. खोक्यावर त्यानं तिन्ही वाक्यं बिनचूक म्हटली होती. कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला, "जागा माझी नाय, असं कसं बोलू साहेब? माझा बाप तिथंच पुरलाय." ऐन आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तो महिनाभर आत गेला. साहेबांनी त्याला कधी माफ केलं नाही. पुढची पंचवीसेक वर्षं सोमा दिसला की ते भर बाजारात ओरडायचे, "हा बघा! ह्या गाढवानं माझा रेकॉर्ड घालवला!" सोमा नुसता हसायचा.

ह्याच एकवीस माणसांनी त्यांना आमदार केलं, असं म्हटलं तरी चालेल. पाड्यापाड्यावर त्यांची ओळख एकच होती, फॉरेस्टच्या तावडीतून सोडवणारा वकील. निवडून आल्यावरही लोक त्यांना आमदार म्हणेनात, वकीलच म्हणत, आणि वाडीतले तर अरेतुरेच करत. त्यांना संरक्षणाला एक शिपाई मिळाला. साहेब स्कूटर सोडायला तयार नव्हते, त्यामुळे तो बिचारा बंदूक सांभाळत मागच्या सीटवर बसायचा. विधानसभेतही त्यांनी काळा कोट चढवला आणि मंत्र्यांची उलटतपासणी सुरू केली. "हो की नाही, तेवढंच सांगा." अध्यक्षांनी कितीदा समज दिली. गावात चहाच्या टपरीवर लोक त्यांची नक्कल करत आणि ती करताना छाती फुगवत. मलाही त्यांचा अभिमान वाटायचा. नाही म्हटलं तर खोटं होईल.

मग जंगलातल्या जमिनीचे दावे सुरू झाले. कायदा असा, की तुम्ही पूर्वीपासून ती जमीन कसत होतात हे दाखवा आणि जमीन तुमच्या नावावर करून घ्या. उंबरवाडीतून बावीस दावे गेले. सगळ्यांत आधी मंजूर झाला तो सोमाचा.

सोमा कागद घेऊन ऑफिसात आला तेव्हा मी तिथं होते. साहेबांनी कागद वाचला. परत वाचला. मग विचारलं, "पुरावा काय लावलास?"

"तुझ्याच केसचा निकाल लावला," सोमा म्हणाला. "मी गुन्हा केला, असं लिवलंय ना त्यात. कुठं केला तेपण लिवलंय. कचेरीतला साहेब बोलला, यापरीस बरा पुरावा नाय."

साहेबांनी दाढेखालचा चिंचोका काढून खिडकीबाहेर टाकला. 

बाकीचे एकवीस दावे दोन महिन्यांत फेटाळले गेले. कारण शोधायला मला एक दिवस पुरला. वनखात्यानं जुन्या निकालांच्या नकला जोडल्या होत्या. प्रत्येक नकलेत आरोपीचा जबाब होता, त्या जागेशी माझा काही संबंध नाही. प्रत्येकीच्या शेवटी आरोपीचे वकील म्हणून साहेबांचं नाव होतं.

मी ते एकवीस कागद त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी वरचा एक पाहिला आणि बाकीचे न बघता बाजूला सारले. म्हणाले, "अपील कर. लिही, अडाणी माणसं होती, घाबरून बोलली."

"घाबरून एकवीस जण शब्दाला शब्द तेच बोलले?"

"मग काय लिहू? मी शिकवलं म्हणून लिहू?"

"तसंच लिवा," मी म्हटलं. रागाच्या भरात माझी खर्डी बाहेर येते.

ते ताडकन उठले. चिडलेले मी खूपदा पाहिले होते, पण ह्या वेळी त्यांचा आवाज चढला नाही. "बाय, निवडणूक सहा महिन्यांवर आली. माझी सनद जाईल. तेपण सोड. ती माणसं निर्दोष सुटली होती. त्यांच्या कपाळावर मी आता खोटेपणाचा शिक्का मारू?" शेवटचं कारण त्यांना मनापासून वाटत होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मी दार आपटून बाहेर पडले आणि दोन दिवस ऑफिसला गेले नाही.

तिसऱ्या दिवशी बुधीबाय आमच्या घरी आली. एकविसांतली एक. नवरा मागेच वारलेला, मुलं वीटभट्टीवर जाणारी, आणि आधाराला सोमाच्या शेताला लागून असलेला भाताचा एक तुकडा. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "गो बाय, माझ्या राबात खड्डे पाडले. झाडं लावणार बोलतात. पाऊस आला का लावणार. मंग मी भात कुठं करू?"

वनखात्याची लागवड होती. दावा फेटाळला म्हणजे जमीन मोकळी, त्यांच्या दृष्टीनं सरळ हिशेब. पावसाला पाच आठवडे होते. एकदा त्या खड्ड्यांत रोपं उभी राहिली की बुधीबायची जमीन कायमची गेली. मी तिला घेऊन त्याच पावली ऑफिसात गेले.

साहेबांनी तिला बघितलं आणि खोक्याकडे बोट केलं. मी कपाळाला हात लावला. म्हातारी गुडघ्यावर हात देत खोक्यावर चढली. साहेब तिला नवा धडा द्यायला लागले. "आता असं बोलायचं. जागा माझी हाय. कोयता माझा हाय. मी तिथंच होते. बोल." बुधीबाय बोलली. पाच वेळा बरोबर बोलली. मग साहेबांनी छत्री खांद्यावर घेतली आणि दरडावून विचारलं, "काय गो, जागा कोणाची?" बुधीबायनं डोळे मिटून हात जोडले. तोंडातून शब्द फुटेना. साहेबांनी छत्री हळूच कोपऱ्यात ठेवली आणि तिला धरून खाली उतरवलं. "होईल," मला म्हणाले. "उद्या तालीम करू." सलग आठ दिवस तालीम चालली. मी खिडकीकडे तोंड करून बसायची.

सुनावणी तहसील कचेरीतल्या वरच्या हॉलमध्ये होती, प्रांतसाहेबांपुढे. आधी बुधीबायचं अपील आणि तिच्या निकालावर बाकीच्या वीस जणांचं. ते वीस किंवा त्यांची मुलंबाळं जिन्यात उकिडवी बसली होती. साहेबांच्या पक्षाचे दोन कार्यकर्ते हारतुरे घेऊन आले होते, आमदार जिंकणारच म्हणून.  उकाड्यानं जीव जात होता, तरी साहेबांनी कोटाची सगळी बटणं लावली होती.

वनखात्याकडून एक तरुण अधिकारी आले होते, बोलायला अगदी मऊ. पण अंगावर खाकी. प्रांतसाहेब म्हणाले, "आजी, घाबरू नका. ही जमीन तुम्ही कसता का?"

बुधीबायनं आधी साहेबांकडे पाहिलं. मग खाकी कपड्यांकडे पाहिलं. हात जोडले आणि घडाघडा म्हणाली, "जागा माझी नाय. कोयता माझा नाय. मी त्या दिशी तिथं नव्हते."

जिन्यात कुणीतरी हुंदका दिला. लिपिकाचं पेन चालू झालं. अधिकाऱ्यांनी मान खाली घातली, त्यांनाही ते बरं वाटलं नसावं. मला त्या क्षणी साहेबांचा इतका संताप आला की मी त्यांच्याकडे वळले. ते उभे होते. कोटाची बटणं काढत होते.

कोट त्यांनी घडी करून खुर्चीवर ठेवला आणि पुढे जाऊन बुधीबायच्या शेजारी उभे राहिले. "साहेब, हे शब्द तिचे नाहीत, माझे आहेत. तीस वर्षांपूर्वी मी तिला पाठ करून घेतले. बाकीच्या वीस जणांनाही. माझा जबाब लिहून घ्या."

प्रांतसाहेबांनी लिपिकाला हातानं थांबवलं. "वकीलसाहेब, बसा. विचार करा. तुम्ही आमदार आहात. हे कागदावर आलं की मला पुसता येणार नाही."

"लिहा."

"कोर्टात खोटं बोलायला शिकवलंत, असं लिहू?"

"तसंच लिहा. ती माणसं तेव्हाही ती जमीन कसत होती. मला केस जिंकायची होती."

कार्यकर्त्यांपैकी एक जण हार तिथंच टाकून मोबाइल कानाला लावत जिना उतरला. प्रांतसाहेबांनी बुधीबायला विचारलं, "आजी, हे खरं बोलतायत? ह्यांनी तुम्हाला शिकवलं होतं?"

बुधीबाय म्हणाली, "नाय."

"बुधे!" साहेब ओरडले.

"नाय साहेब. वकीलानं आमाला काय नाय शिकवलं. वकील चांगला माणूस हाय."

"बुधे, खरं बोल. तुझी जमीन जाईल."

"तुला आत टाकतील ना रं," ती त्यांच्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली. सगळ्या हॉलला ते ऐकू गेलं. "तवा तू सोडवलास म्हून माझी पोरं जगली. आता तुझं नाव कसं घेऊ मी?"

 हजार साक्षीदार फोडणारा माणूस एका म्हातारीपुढे हात जोडून उभा होता आणि म्हातारी ढिम्म हलत नव्हती. प्रांतसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. त्या धसक्यानंच मी पुढे गेले असेन. तिला कोर्टासारखं काही विचारलं की तिच्याकडे एकच उत्तर होतं, एवढं मला आठ दिवस खिडकीत बसून कळलं होतं.

मी म्हटलं, "बुधीबाय, ते सोड. यंदा राब भाजलास का?"

ती माझ्याकडे वळली. "भाजला ना. खड्डे पाडायच्या आधीच भाजला."

"टहाळ कसला?"

"ऐनाचा. उंबराकडच्या कोपऱ्यात मातर जास्त घालावा लागतो, तिथं पाणी धरतं, रोप पिवळं पडतं. माझी सासू तिथं दोन थर द्यायची, मी तीन देते. नवरा मेला त्या साली एकलीनं भाजला, तवा वारा फिरला आन सोमाच्या कुडाला आग लागली. सोमा काय बोलला नाय." ती बोलत सुटली. किती भारे, कोण कोण मदतीला आलं, कुठल्या बांधाला खेकडे फार, दगड वेचून कुठे रचलेत. लिपिक पान उलटून लिहीत होता. कुणीही तिला मध्ये तोडलं नाही.

खाकीतले अधिकारीच शेवटी म्हणाले, "साहेब, जागेवर जाऊन बघू या."

चार दिवसांनी सगळे जागेवर गेले. राबाच्या जागी दोघांनी पहारीनं खणलं. वीतभर खोलपर्यंत माती भाजून काळी पडली होती. अशी माती एका उन्हाळ्यात होत नाही, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. साहेब बांधावर बसून होते, त्यांना कुणी काही विचारलं नाही. पावसाच्या आधी बुधीबायचा दावा मंजूर झाला. खड्डे तिनं स्वतः बुजवले. पुढच्या वर्षभरात बाकीच्या विसांचेही एकेक करून झाले, आणि प्रत्येकाच्या फाइलला साहेबांचा तोच जबाब जोडलेला होता.

तिकीट अर्थातच गेलं. विरोधकांनी तो जबाब छापून वाटला. तक्रार झाली तेव्हा साहेबांनी वाट न बघता सनद परत केली. खोलीचा ताबा माझ्याकडे आला. खोकं मी पहिल्याच आठवड्यात फोडलं आणि साहेबांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "बरं केलंस." मला वाटलं होतं ते रागावतील, आणि ते रागावले नाहीत म्हणून मी घरी येऊन रडले.

पण गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. उंबरवाडीचं ऐकून मुरबाडकडच्या पाड्यांवरून माणसं यायला लागली. "वकील, आमालापण तू तसंच शिकवलं व्हतंस." साहेबांना प्रत्येक नाव आठवायचं. मग ते एसटीनं जायचे, कधी मुरबाडला, कधी आणखी पुढे. समोर उभं राहून सांगायचे, ह्या माणसाला खोटं बोलायला मी लावलं. प्रत्येक वेळी नवा अधिकारी, नवे प्रश्न, नवी कुजबुज. ज्यांना त्यांनी हात धरून वर आणलं होतं ते त्यांना बघून रस्ता बदलत. एकदा मी म्हटलं, जुन्या जबाबाची नक्कल जोडते, तुम्ही कशाला दर वेळी? ते म्हणाले, "कागद कोणपण जोडतो बाय. तोंडानं सांगायला नको?"

मी त्यांच्याबरोबर शेवटची गेले ती मुरबाडलाच. एका विधवेचा दावा होता. तिच्या नवऱ्याला त्यांनी कधीकाळी सोडवलं होतं. साहेबांना जिना चढताना दोनदा थांबावं लागलं. जबाब घेणारा लिपिक अगदी नवा होता, त्याला हे कोण ते माहीत नव्हतं. त्यानं मान खाली घालून छापील फॉर्म भरायला घेतला. नाव. वय. राहणार.

"व्यवसाय?"

 एका प्रश्नाला साहेबांना एवढा वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. मग म्हणाले, "साक्षीदार."

"तो व्यवसाय नाही होत, आजोबा."

"माझा हाय. लिही."

लिपिकानं माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. हे कोण होते ते सांगायला हवं होतं. मी फाइलची दोरी बांधत राहिले. लिपिकानं त्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं आणि फॉर्म साहेबांपुढे सरकवला. त्यांनी चष्मा पुसला, सगळं नीट वाचलं, खालच्या बाजूला सही केली आणि त्या बाईला म्हणाले, "चल, झालं तुझं काम."